शाळेची राखण आणि मुलांचे मन

२१ ऑगस्ट २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी एक शासन निर्णय प्रसृत केला. बदलापूर येथील एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर झालेल्या अत्याचाराने त्या वेळी सारे राज्य हादरून गेले होते. आदल्याच दिवशी संतप्त पालक व नागरिक बदलापूर स्थानकातील लोहमार्गावर उतरले होते. शाळेच्या आवारात महिन्याभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा त्यांचे चित्रण तपासावे, सुरक्षा रक्षक, सफाई कामगार, मदतनीस, बसचालक अशा सर्वांची, ते बाह्य संस्थेमार्फत नेमलेले असले तरीही, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, सहावीपर्यंतच्या मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमाव्यात, तक्रार पेटी ठेवावी, सखी सावित्री समिती व विद्यार्थी सुरक्षा समिती स्थापन करावी आणि अनुचित प्रकार घडल्यास चोवीस तासांच्या आत वरिष्ठांना कळवावे, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत.

या सूचनांपैकी काही वस्तूंविषयी आहेत, तर काही माणसांविषयी. वस्तू विकत घेता येतात, त्यांची पावती मिळते आणि तपासणीच्या वेळी ती दाखविता येते. माणसांविषयीच्या सूचनांचे तसे नाही. म्हणूनच जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत, किंबहुना राज्यात सर्वत्रच, शाळेची सुरक्षितता म्हणजे फाटक, पहारेकरी आणि कॅमेरा असा अर्थ रूढ होऊ पाहत आहे. फाटकाच्या आत आलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाला मात्र अनेक शाळांत अद्याप उत्तर नाही. हाताशी असलेल्या तुटपुंज्या निधीतून राखणदार नेमावा की समुपदेशक, असा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सभासदाने उपस्थित केला, तर त्याला काय सांगावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

फाटकावर कोण उभे असते?

खानदेशातील शाळांना एकच माप लावता येणार नाही. धुळे शहराजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. सुरत-नागपूर महामार्ग पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो आणि त्याच्या कडेने अनेक शाळा वसलेल्या आहेत. या शाळांच्या दारी शाळा भरताना व सुटताना एक धडधाकट, जागरूक माणूस असणे ही निकडीची गरज आहे. तेथे धोका अनोळखी माणसापेक्षा मालमोटारीचा अधिक असतो. उलट शिरपूर किंवा चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या पाड्यावरील दोन शिक्षकी शाळेत पहारेकरी नेमण्याची कल्पनाच अप्रस्तुत ठरते. तेथे शाळेची राखण पोषण आहार शिजविणारी बाई करते, समोरच्या ओट्यावर बसलेले म्हातारबाबा करतात आणि कुंपण धड असेल तर कुंपण करते. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्याने शाळेला भिंत अथवा कुंपण असणे हा निकषच ठरविला आहे. पहारेकऱ्याचा उल्लेख त्यात नाही.

या दोहोंच्या मध्ये आहेत खाजगी अनुदानित माध्यमिक शाळा. या शाळांचा शिपाई हा आजवर घंटा देणारा, टपाल नेणारा, पाणी भरणारा आणि वेळप्रसंगी फाटकावर उभा राहणारा असा सर्वकामी माणूस होता. वीस-पंचवीस वर्षे एकाच शाळेत काढल्यामुळे कोणता मुलगा कोणाचा, कोणत्या वस्तीतला, हे त्याला तोंडपाठ असे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार या शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे, ती धारण करणारा कर्मचारी निवृत्त झाला की संपुष्टात येतात आणि त्यांच्या जागी शाळेला ठोक भत्ता मिळतो. या निर्णयामागील आर्थिक कारणे समजण्याजोगी आहेत. परंतु त्याचा एक परिणाम असा की, वर्षानुवर्षांचा ओळखीचा माणूस जाऊन त्याच्या जागी अल्प मोबदल्यावरचा, वरचेवर बदलणारा माणूस येतो. चारित्र्य पडताळणीचे महत्त्व त्यामुळे दुणावले आहे, हे मुख्याध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावयास हवे.

जेथे खाजगी संस्थेमार्फत सुरक्षा रक्षक घेतले जातात, तेथे २००५ चा खाजगी सुरक्षा अभिकरण नियमन कायदा लागू होतो. संस्थेकडे परवाना असणे, रक्षकाचे पूर्वचारित्र्य तपासलेले असणे आणि त्याने विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असणे या कायद्याने आवश्यक आहे. शाळेने करार करण्यापूर्वी या तीन गोष्टींचे कागद मागावेत. ते मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. हे प्रशिक्षण सर्वसाधारण सुरक्षेचे असते, लहान मुलांशी कसे बोलावे याचे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

पहाऱ्याची मर्यादा

पहारा बाहेरच्याला अडवितो. पण मुलांना होणारा त्रास बहुतेक वेळा बाहेरून येतच नाही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे, किंबहुना विश्वासाच्या व जबाबदारीच्या स्थानी असलेले आढळले होते आणि बहुसंख्य मुलांनी झाला प्रकार कोणालाही सांगितलेला नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांतही, बालकांवरील बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी पीडित बालकाच्या ओळखीचे असल्याचे दिसते. बदलापूरच्या प्रकरणातील आरोपी भिंतीवरून उडी मारून आलेला नव्हता. तो बाह्य संस्थेमार्फत शाळेत सफाईच्या कामावर नेमलेला होता. मुलींनी घरी सांगितले तेव्हा प्रकार बाहेर आला.

आपल्या भागातील उदाहरणही दूर नाही. जुलै २०२३ मध्ये एरंडोल तालुक्यातील एका मुलींच्या वसतिगृहाच्या काळजीवाहकाविरुद्ध तेथील अल्पवयीन मुलींवरील अत्याचाराबद्दल गुन्हा नोंदविण्यात आला. ज्याच्यावर राखणीची जबाबदारी होती, त्याच्यावरच हा आरोप आहे. मुलींना तेथून जळगावला हलविण्यात आल्यानंतर, नव्या ठिकाणी त्या बोलत्या झाल्या. या घटनेतील हा तपशील शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. जागा बदलली, भोवतालची माणसे बदलली, विचारणारे कोणी भेटले आणि मग मुलींना शब्द फुटले.

त्याहून जुनी आणि अधिक व्यापक घटना १९९४ ची. त्या वर्षी जळगाव शहरात शाळा-महाविद्यालयांतील मुलींना फसवून, छायाचित्रांच्या धाकाने त्यांचे शोषण केले गेल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि साऱ्या देशात त्याची चर्चा झाली. तपास यंत्रणेपुढील सर्वांत मोठी अडचण ही होती की, तक्रार देण्यास पुढे येणाऱ्या मुली फारच थोड्या होत्या. बदनामीच्या भीतीने घरोघरी तोंडे मिटली गेली. हे सारे शाळांच्या आवाराबाहेर घडत होते. त्या काळी प्रत्येक शाळेच्या दारात दोन-दोन पहारेकरी उभे असते, तरी त्यांना त्यातले काही दिसले नसते. मात्र प्रत्येक शाळेत एखादी बाई अशी असती की जिच्याजवळ मुलीने विश्वासाने बोलावे, तर निदान काही मुलींच्या बाबतीत चक्र लवकर थांबले असते, असे म्हणता येईल. त्या प्रकरणाच्या तपासात सहभागी असलेल्या पोलीस अधिकारी मीरा बोरवणकर यांचा, पुढे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बदलापूर प्रकरणानंतर शाळांतील सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीत समावेश झाला. मधली तीस वर्षे लोटली, तरी मुलाला बोलते कसे करावे हा प्रश्न तसाच राहिला आहे.

मनावरचे ओझे

मानसिक आरोग्य हा शब्द उच्चारला की ग्रामीण भागात अजूनही वेड या अर्थानेच तो घेतला जातो आणि मग पालक अंग चोरतात. वास्तविक येथे अभिप्रेत आहेत ते मुलांच्या रोजच्या जीवनातील ताण. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने तिघे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातील ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही आपल्या चिंतेची कारणे सांगितली. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होता. या मृत्यूंपुढे फाटकावरचा पहारा निरुपयोगी ठरतो.

खानदेशात या सर्वसाधारण ताणांवर स्थानिक कारणांची भर पडते. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला की वर्गातील बाके रिकामी दिसू लागतात. साक्री किंवा चाळीसगाव तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले एक तर आईबापांबरोबर जातात किंवा आजीपाशी मागे राहतात. मागे राहिलेल्या नववी-दहावीच्या मुलीच्या डोक्यावर धाकट्या भावंडांचा स्वयंपाक असतो आणि लग्नाची बोलणीही सुरू झालेली असतात. शेतीतील नापिकी आणि कर्ज यांची झळ घरात पोहोचली की ती मुलाच्या दप्तरातही उतरते. जळगाव वा धुळे शहरातल्या शिकवणी वर्गांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांची कहाणी आणखी वेगळी. घरच्यांनी शेत गहाण टाकून पाठविले आहे ही जाणीव त्यांना झोपू देत नाही.

मूल हे सारे शब्दांत सांगत नाही. वर्गशिक्षकाकडे येऊन ते म्हणते, ‘सर, मन्हं पोट दुखस.’ ही पोटदुखी दर सोमवारी किंवा नेमकी एका विशिष्ट तासाला उठत असेल, तर ती निव्वळ पोटाची नव्हे. वारंवार डोके किंवा पोट दुखणे, झोप न लागणे, एकाएकी अबोल होणे, चांगल्या मुलाचे गुण उतरणे, शाळा सुटल्यावर घरी जाण्यास टाळाटाळ करणे ही ताणाची लक्षणे वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. येथे भाषेचाही मुद्दा येतो. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिलोरी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीत धडा म्हणता येतो, पण दुःख सांगता येतेच असे नाही. ‘तुझी समस्या काय आहे?’ या प्रश्नाला खाली मान घालणारे मूल ‘काय व्हयनं?’ एवढे विचारताच बोलू लागते. समुपदेशकाची निवड करताना पदवीइतकेच या गोष्टीकडेही पाहिले जावे.

ऐकणारा कोण असावा?

सर्वसाधारण समजूत अशी की, हे काम शिक्षकच करू शकतील. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, त्यांत एक महिला, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि ती स्वागतार्ह आहे. तथापि, या बाबतीत बिहारमध्ये झालेला एक प्रयोग डोळ्यांत अंजन घालणारा आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक शासकीय माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा उपक्रम राबविला. काही शाळांत तो स्थानिक, प्रशिक्षित पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकाकडे सोपविला. काही शाळांत तेच काम तेथील शिक्षकाला दिले. आणि उरलेल्या शाळांत नेहमीचा अभ्यासक्रम तेवढा चालू ठेवला. प्रार्थनेच्या वेळी सामूहिक चर्चा, भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी, मुलांचे गट आणि गरजू मुलाशी एकांतात बोलणे असे त्याचे स्वरूप होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांतील उदासीनता, दांडगाई व मारहाण कमी झाली आणि शाळेतील एकूण वातावरण सुधारले. शिक्षकाने चालविलेल्या शाळांत मात्र असा परिणाम दिसून आला नाही.

यात शिक्षकांचा कमीपणा मुळीच नाही. अभ्यासक्रम, जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज नव्याने येणारी ऑनलाइन माहिती यांच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकाजवळ निवांत अर्धा तास नसतो. शिवाय जो गुण देतो, शिक्षा करतो, पालकांना बोलावतो, त्याच्याजवळ मन मोकळे करणे मुलाला जड जाते. ही अडचण नात्याची आहे, व्यक्तीची नव्हे. या प्रयोगातील समुपदेशक हे मोठे तज्ज्ञ नव्हते, हे त्यातील सर्वांत आशादायक अंग होय. आपल्या तालुक्यातील समाजकार्य वा मानसशास्त्र शिकलेल्या तरुण-तरुणींना योग्य प्रशिक्षण व देखरेख दिल्यास हे काम होऊ शकते, असा त्याचा अर्थ आहे.

आता याला कायदेशीर बळही प्राप्त झाले आहे. विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध प्रस्थापित करावेत. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. शिकवणी वर्गही या तत्त्वांच्या कक्षेत येतात, ही गोष्ट जळगाव व धुळे या दोन्ही शहरांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

जिल्हा परिषदेच्या बहुतांश प्राथमिक शाळांचा पट शंभरापेक्षा कमी असतो. अशा शाळांसाठी केंद्राची रचना उपयोगी पडू शकेल. एका केंद्रातील दहा-बारा शाळांसाठी मिळून एक समुपदेशक आणि प्रत्येक शाळेसाठी त्याचा ठरलेला वार, अशी व्यवस्था प्रस्तुत लेखकास सर्वांत व्यवहार्य वाटते. वार ठरलेला असणे महत्त्वाचे. ‘गुरुवारी ताई येतात’ हे मुलांना ठाऊक असले की मूल बुधवारी रात्री आपले बोलणे जुळवून ठेवते. कोणत्याही दिवशी अवचित येणाऱ्या पाहुण्याला ते काही सांगत नाही. अवघड प्रकरणे पुढे पाठविण्यासाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे आणि किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांतून चालणारी ‘मैत्री’ केंद्रे आहेत. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून, तर बालकांसाठीची १०९८ ही सेवा त्याही पूर्वीपासून उपलब्ध आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गात रंगवावेत. मुख्याध्यापकांच्या दालनात नव्हे.

अमेरिकेचा अनुभव

पहारा वाढवून मन सांभाळले जात नाही, याचा सर्वांत मोठा आणि दुःखद अनुभव अमेरिकेने घेतला आहे. शाळांतील गोळीबारांच्या भीतीने तेथे शाळाशाळांत पोलीस नेमले गेले. २०१९ मध्ये तेथील नागरी स्वातंत्र्य संघटनेने दाखवून दिले की, ज्या शाळांत पोलीस आहे पण समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता यांपैकी एकही नाही, अशा शाळांत १ कोटी ४० लाख मुले शिकत होती. २४ मे २०२२ रोजी टेक्सास राज्यातील युवाल्डी येथे एका माजी विद्यार्थ्याने शाळेत शिरून १९ मुले व २ शिक्षिकांचे प्राण घेतले. त्या दिवशी विविध दलांचे मिळून ३७६ सशस्त्र अधिकारी तेथे पोहोचले होते आणि तरीही हल्लेखोराला रोखण्यास तासाहून अधिक वेळ लागला. आपल्याकडील परिस्थिती सर्वथा भिन्न आहे, शस्त्रांचा तो सुळसुळाट येथे नाही. पण प्रथम पहारा व मग उरल्यास समुपदेशन हा क्रम त्या श्रीमंत देशालाही लाभला नाही, एवढे नोंदवून पुढे जावे.

राखणदारालाही सहभागी करावे

म्हणजे पहारेकरी नकोच, असा निष्कर्ष कोणी काढू नये. फाटकावरचा माणूस शाळेत सर्वांत जास्त पाहतो. कोण रडत आला, कोणाला रोज अनोळखी मोटारसायकल सोडते, कोणती मुलगी शाळा सुटल्यावर एस.टी. चुकवून मागे रेंगाळते, कोण डबा न खाता परत नेतो, हे त्याला दिसते. अडचण एवढीच की ते त्याला कोणी विचारीत नाही आणि सांगावे कोणाला हेही त्याला ठाऊक नसते. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिपाई, रक्षक, स्वयंपाकीण, बसचालक यांना आवर्जून बसवावे. त्यांना मानसशास्त्र शिकवायचे नाही. काय दिसले तर कोणाला सांगायचे, मुलाला एकट्याला खोलीत बोलावायचे नाही, अंगझडती घ्यायची नाही, मुलाची चूक चारचौघांत बोलायची नाही आणि दिसलेले गावभर करायचे नाही, एवढे पुरे.

त्याचबरोबर पहारेकऱ्याला शिस्तीचा हवालदार करू नये. उशिरा येणाऱ्याला फाटकाबाहेर उभे करणे, गणवेश नसल्यास परत पाठविणे ही कामे त्याच्याकडे दिली की मुले त्याला चुकवू लागतात आणि त्याचा खरा उपयोग संपतो. शिवाय उशीर झालेले मूल फाटकाबाहेर राहणे हाच सुरक्षिततेचा भंग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक त्रास देण्यासही मनाई आहे आणि ती फाटकावरही लागू आहे.

वसतिगृहे व आश्रमशाळा यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तेथे मूल चोवीस तास असते आणि रात्रही असते. यावल व धुळे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या कक्षेत अशा अनेक आश्रमशाळा आहेत. तेथील अधीक्षक हा राखणदारही असतो आणि पालकही. या दुहेरी भूमिकेचा आदर्श खानदेशात शंभर वर्षांपूर्वीच घातला गेला आहे. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी बाहेर पडेपर्यंत तेथेच होते. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांवर करडी नजर ठेवणे एवढाच तिचा रूढ अर्थ होता. गुरुजींनी मुलांच्या खोल्या आवरल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढले. अर्थात प्रत्येक अधीक्षक साने गुरुजी होऊ शकत नाही, आणि एका माणसाच्या चांगुलपणावर शेकडो मुलांची सुरक्षितता सोपवून शासनाला निश्चिंत राहताही येणार नाही. एरंडोल तालुक्यातील प्रकरण तेच बजावते. म्हणूनच ऐकणारी व्यक्ती ही अधीक्षकाच्या हाताखालची नसावी, ती बाहेरून यावी, असा आग्रह धरणे आवश्यक आहे.

गुप्तता आणि कायदा

एका बाबतीत शिक्षक व समुपदेशक यांच्या मनात गोंधळ आढळतो. मुलाने विश्वासाने सांगितलेले गुप्त ठेवावे की कळवावे? परीक्षेची भीती, घरातील भांडणे, मैत्रीतील रुसवा हे जपून ठेवावे. पण लैंगिक अत्याचाराविषयी कळल्यास किंवा तशी शंका आल्यासही २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ प्रत्येकावर पोलिसांना कळविण्याचे बंधन घालते. न कळविल्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडपल्यास ती एक वर्षापर्यंतच्या कारावासाची आहे. ‘संस्थेची बदनामी होईल’ ही सबब कायद्याला मान्य नाही. म्हणून मुलाला ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. ‘तुला मदत करण्यासाठी ज्यांना सांगणे जरूर आहे, त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे आणि ते पाळावे. लहान गावात मुलीचे नाव संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. ते पोहोचू न देणे ही सरपंच, पोलीस पाटील व समितीचे सभासद यांचीही जबाबदारी आहे. पीडित बालकाची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई केली आहे.

प्रारंभ कोठून करावा?

निधी मर्यादित असताना क्रम लावावाच लागतो. महामार्गालगतच्या व मोठ्या पटाच्या शाळांत फाटकावरील माणूस व समुपदेशक दोन्ही एकाच वेळी हवेत. इतर बहुतेक शाळांत कुंपण, मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार व त्याची कडी, पडताळणी झालेले कर्मचारी आणि ठरलेल्या वारी येणारा समुपदेशक यांना कॅमेऱ्याच्या आधी स्थान द्यावे, असे स्पष्ट मत नोंदविण्यास हरकत नसावी. कॅमेरे शासन निर्णयाप्रमाणे बसवायचेच आहेत; पण वीज गेली की ते बंद पडतात आणि चित्रण पाहणारा नसेल तर चालू असूनही उपयोगाचे नसतात. ज्या खोलीत मूल समुपदेशकाशी बोलते, तेथे कॅमेरा असू नये.

तक्रार पेटीची सूचना २०१७ च्या परिपत्रकापासूनची आहे. एका शाळेत ही पेटी मुख्याध्यापकांच्या दालनाच्या दाराशी, नव्या कॅमेऱ्याच्या अगदी खाली टांगलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली. तिला कुलूप होते, किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला सांगता आले नाही आणि आत एक चिठ्ठीही नव्हती. पेटी पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रंथालयाच्या आडोशाला असावी. किल्ली सखी सावित्री समितीतील महिला सभासदाकडे असावी आणि पेटी ठरल्या दिवशी दोघांच्या समक्ष उघडावी. पहिल्या चिठ्ठ्या बहुधा किरकोळ असतात. नळाला पाणी नाही, स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, एस.टी.च्या थांब्यावर अमका मुलगा चिडवितो, अशा. मुले या लहान गोष्टी टाकून पेटी खरोखर कोणी वाचते का, हे पाहत असतात. तेव्हा कडी त्याच आठवड्यात बसवावी आणि ती कोणत्या तारखेस बसविली, हे फलकावर लिहावे.